तलावातील सामायिक स्लॅलम कोर्सची देखभाल : सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

विषय : वॉटर स्की स्लॅलम कोर्सच्या संरक्षणासाठी ठराव करण्याबाबत

महोदय,

स्लॅलम कोर्स म्हणजे बोटीमागे स्कीवर ओढला जाणारा माणूस नागमोडी वळणं घेत जातो ती आखलेली वाट. काठावरून पाहिलं तर ती म्हणजे रंगीत बोयांच्या (तरंगत्या खुणांच्या) रांगा. त्याचा सांगाडा मात्र पाण्याखाली असतो, आणि मोडतोड होते तीही तिथेच, कुणाला न दिसता. ‘एखादा बोया थोडा सरकला तर काय बिघडतं?’ हा प्रश्न सभासद वारंवार विचारतात. पुष्कळ बिघडतं. कसं, ते आधी सांगतो. मग समितीकडून काय हवं आहे ते.

कोर्सच्या दोन्ही टोकांना बोयांच्या जोडीचं एकेक दार असतं; प्रवेशद्वार ते निर्गमद्वार हे अंतर २५९ मीटर असतं. मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर, एक डावीकडे एक उजवीकडे, असे वळणाचे सहा बोये. पहिला प्रवेशद्वारापासून २७ मीटर पुढे, त्यानंतर दर ४१ मीटरला एक, आणि शेवटच्यापासून निर्गमद्वार पुन्हा २७ मीटर. बोटीच्या वाटेवर, दारं धरून, बोयांच्या आठ जोड्या. शिवाय दोन्ही दारांच्या बाहेर ५५ मीटरवर एकेक पूर्वसूचक जोडी. एकूण २६ बोये. ताशी ५८ किलोमीटर वेगाने बोट हा कोर्स सुमारे १६ सेकंदांत पार करते, म्हणजे एका वळणाला अडीच सेकंद. एवढ्या वेळात स्कीवरचा माणूस बोया शोधत बसत नाही. बोया ठरलेल्या जागी आहेच, हे धरून तो वळतो. ११.५ मीटरच्या मापात स्पर्धेलाही फक्त एक टक्का, म्हणजे साडेअकरा सेंटीमीटरची सूट असते.

आता पाण्याखाली काय आहे ते. तळाशी काँक्रीटचा ठोकळा. पाण्यात काँक्रीटचं वजन साधारण चाळीस टक्क्यांनी घटतं, म्हणून ४० किलोचा ठोकळा प्रत्यक्षात २३-२४ किलोच धरून ठेवतो. त्यापासून न ताणणारी पॉलिएस्टरची दोरी वर येते ती पाण्याखालच्या बोयापर्यंत. हा पृष्ठभागापासून सुमारे दीड मीटर खाली, प्रोपेलर पोहोचणार नाही इतका खोल हवा. त्याच्यावर ताणणारी रबरी दोरी आणि शेवटी वरचा बोया. रबरी दोरी अशासाठी की स्कीची धडक बसली तर बोया दबून बाजूला व्हावा. नायलॉन इथे चालत नाही, ते पाण्यात आणि ताणाखाली लांबी बदलतं. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, तुटलं की थेट प्रोपेलरला गुंडाळलं जातं. पाण्याखालचा बोया म्हणून रिकामे डबे बांधायची पद्धत आहे, पण खोलीवरच्या दाबाने ते चेपतात, उचल कमी होते आणि सगळी ओळ ढिली पडते. आत फोम भरलेलेच वापरावेत.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते पाण्याच्या पातळीकडे. पाण्याखालचा बोया दीड मीटरवर आहे आणि वरची दोरी ताण न देता बांधली आहे असं धरा. पातळी फक्त १० सेंटीमीटर उतरली तर वरचा बोया ५४ सेंटीमीटरपर्यंत बाजूला वाहू शकतो. ३० सेंटीमीटर उतरली तर तब्बल ९० सेंटीमीटर! गणित साध्या काटकोन त्रिकोणाचं आहे. वाऱ्याच्या दिवशी सगळे बोये एकाच बाजूला झुकलेले दिसतात ते याचमुळे. पातळी चढली की उलटं होतं : बोया निम्म्याहून जास्त बुडतो आणि चालकाला वेळेवर दिसत नाही. म्हणून रबरी दोरी आधीपासून ताणून बांधावी लागते, आणि पातळी बदलली की तिची लांबीही बदलावी लागते. तलावाचं पाणी सोडायचं दार उघडण्याआधी दोन दिवस सूचना मिळाली तर हे काम एका सकाळी होतं. सूचनेविना पाणी सोडलं की पुढचे कित्येक दिवस कोर्स वापरण्याजोगा नसतो.

दुसरा धोका नांगरांचा. मासेमारीसाठी किंवा पोहण्यासाठी थांबलेली बोट कोर्सच्या पट्ट्यात नांगर टाकते, नांगर दोरीत अडकतो आणि उपटताना ठोकळा घसरतो. वरून बोया जागेवरच असल्यासारखा वाटतो, पण मोजला की मीटरभर सरकलेला निघतो. गळाची दोरी बोयाला अडकली तर काटा तिथेच राहतो, आणि बोया बदलणाऱ्याच्या तळहातात घुसतो. हीच दोरी प्रोपेलरच्या दांड्याला गुंडाळली तर गिअरबॉक्सचं सील कापते. मासेमारी बंद करा असं आमचं मुळीच म्हणणं नाही; तलाव सगळ्यांचा आहे. फक्त ३६९ मीटर लांबीच्या या पट्ट्यात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत नांगर पडू नये. पाणवनस्पती काढणारं यंत्र आणण्याआधीही कळवावं. त्याच्या पात्यापुढे कुठलीच दोरी टिकत नाही.

बोट चालवणाऱ्यांसाठीही नियम हवेत. निर्गमद्वारानंतर सरळ पुढे जाऊन वेग पूर्ण उतरवायचा, मागची लाट पुढे जाऊ द्यायची, मग सावकाश वळायचं. स्की करणारा मध्येच पडला तर वेगात गोल फिरून परत येऊ नये. थ्रॉटल सोडून त्याच रेषेने हळू मागे यावं. वेगात वळलं की उठलेल्या लाटा दोन्ही काठांवर आपटून कोर्समध्ये परततात आणि पुढच्या माणसाला खडबडीत पाणी मिळतं. टाक्यांत पाणी भरून मोठी लाट काढणाऱ्या बोटींनी या पट्ट्यात तो खेळ करू नये. कोर्स ओलांडायचाच असेल तर टोकांच्या पलीकडून.

लाटांवरून आठवलं : पूर्व काठावर उभी संरक्षक भिंत बांधण्याचा प्रस्ताव समितीपुढे आहे. कृपया त्याचा फेरविचार करा. उभी भिंत लाट गिळत नाही, परत फेकते. आणि भिंतीच्या पायथ्याची माती उलट जास्त धुपते. दगडी पिचिंग केलेला उतार लाटेचा जोर तिथेच मारतो. काठ वाचतो, पाणीही लवकर शांत होतं. हा मुद्दा स्की न करणाऱ्यांच्याही हिताचा आहे.

नेहमीच्या देखभालीचं काम आम्ही रहिवासी वाटून घेऊ. हंगामात दर पंधरा दिवसांनी प्रत्येक बोया हाताळून पाहायचा. अंगठ्याने सहज दबला पाहिजे. टणक फुगवलेल्या बोयावर स्की चढली तर घोटा जायबंदी होतो. शेवाळ खरवडायचं, कारण त्याच्या वजनाने बोया खाली बसतो. रबरी दोरी बहुतेकदा गाठीजवळ आणि वरच्या, ऊन लागणाऱ्या भागात तुटते. तिथे बारीक भेगा दिसल्या की लगेच बदलायची. बोया आणि रबरी दोरी यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा केबल टाय असावा. कशात अडकलं तर तोच आधी तुटतो, एक बोया सुटतो आणि खालची सगळी रचना वाचते. हंगामाच्या सुरुवातीला, वारा नसलेल्या सकाळी, मोजणी करायची : वाटेच्या जवळच्या बोयापासून वळणाचा बोया १०.३५ मीटर, आणि लागोपाठच्या दोन वळण-बोयांमधलं तिरकं अंतर ४७.०१ मीटर. दोन्ही मापं जुळली नाहीत की कुठला ठोकळा सरकला ते लगेच कळतं. कोर्समध्ये हात घालून काम चालू असताना बोटीचं इंजिन बंद आणि किल्ली काढलेली, यात कुणालाही सवलत नको.

समितीने ठरावात पुढील बाबी घ्याव्यात ही विनंती. पट्ट्यातली नांगरबंदी आणि बोटींचे नियम धक्क्यावरच्या फलकावर लागावेत, पाहुण्यांच्या बोटींनाही ते बंधनकारक असावेत. पाणी सोडण्याआधी आणि वनस्पती काढण्याआधी ४८ तासांची सूचना मिळावी. वळणाचे सहा, वाटेचे आठ बोये, तीस मीटर रबरी दोरी, शंभर केबल टाय आणि दोन तयार ठोकळे एवढा साठा सोसायटीच्या खोलीत कायम असावा. त्यातलं काय वापरलं याची नोंदवही आम्ही ठेवू. पूर्व काठाच्या भिंतीचा निर्णय पुढील सभेपर्यंत थांबवावा.

प्रत्येक ठोकळ्याची जागा आणि दोरीची लांबी दाखवणारा नकाशा सोबत जोडला आहे. त्याची एक प्रत तलावाचं दार चालवणाऱ्या कर्मचाऱ्याकडे द्यावी.

आपले,
कोर्स वापरणारे व सांभाळणारे रहिवासी