मालवणच्या खडकांतून आमचे फोटो परत पाठवणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठंही लिहायचं नाही, असं तुम्ही फोनवर बजावलंत, म्हणून ते लिहीत नाही. पण तुम्ही आणि तुमच्या भाच्यानं काय काय केलंत ते मात्र सविस्तर लिहितो आहोत. सुट्टीत वस्तू हरवतात आणि बऱ्याचदा कुणाला तरी सापडतातही. पुष्कळदा नुकसान होतं ते सापडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत, कारण चांगल्या मनाच्या माणसालाही काय करू नये ते ठाऊक नसतं.

आमचा कॅमेरा मालवणच्या समुद्रकाठच्या रॉक गार्डनमध्ये खडकांच्या घळीत पडला तो शुद्ध अष्टमीला, म्हणजे ऐन भांगात. भांगाला पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही, त्यामुळे पूर्ण ओहोटीलाही घळीचा तळ उघडा पडला नाही. पौर्णिमेनंतर उधाण आलं आणि वद्य द्वितीयेला सकाळी तुम्ही कालवं काढायला उतरलात तेव्हा पाणी पार मागे गेलं होतं. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड, आणि ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. तुमच्याकडे हे लहान पोरांनाही येतं, घाटावरच्या माणसाला कुणी शिकवलेलं नसतं. खडकात काही पडलं तर पुढच्या अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस लक्षात ठेवावेत आणि तिथं रोज उतरणाऱ्यांना जागा नीट दाखवून ठेवावी. शोधायची खरी वेळ तीच.

कॅमेरा हातात आल्यावर तुम्ही तो चालू करून पाहिला नाहीत. पहिले आभार याचे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातून वीज सहज वाहते. बॅटरीत थोडा जरी जीव असला तरी बटण दाबताच आतल्या बारीक पट्ट्यांमध्ये नको तिथं प्रवाह सुरू होतो. तांबं झपाट्यानं खाल्लं जातं आणि कार्डालाही झटका बसू शकतो. तुम्ही आधी बॅटरी काढलीत. ती फुगलेली होती, म्हणून चार्ज करून बघायच्या भानगडीत न पडता वाळूच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवलीत आणि नंतर ई-कचऱ्यात दिलीत. फुगलेली लिथियम बॅटरी घरात ठेवू नये, दाबू नये, पार्सलात तर मुळीच घालू नये.

मग ते मेमरी कार्ड. तुम्ही पाठवलेला फोटो आम्ही जपून ठेवला आहे. स्टीलच्या वाटीत गोडं पाणी, तळाशी टपाल तिकिटाएवढं काळं कार्ड आणि काठावर वाळूचे चार कण. खाऱ्या पाण्यातून निघालेली वस्तू तशीच सुकवली तर पाणी उडतं आणि मीठ राहतं, मिठागरात होतं तसं. ते मीठ कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर बसतं, हवेतली ओल ओढतं आणि धातू पोखरतं. म्हणून आधी धुवायचं, सुकवायचं नंतर. तुम्ही पाणी तीनदा बदललंत. भाच्यानं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून पट्ट्या कापसाच्या काडीनं पुसल्या आणि कार्ड सावलीत दोन दिवस ठेवलं. उन्हात नाही, हेअर ड्रायरखाली नाही. तांदळाच्या डब्यात घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तांदूळ आतलं मीठ काढत नाही, उलट त्याची पावडर फटीत जाते. कार्डाच्या आतली चिप घट्ट राळेत बंद असते, म्हणून कॅमेरा मेला तरी कार्ड जगू शकतं. आमच्या बाबतीत तेच झालं. कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या खाचेत हिरवी बुरशी चढावी तसा गंज होता, तो आता दुरुस्त होणारा नाही.

भाच्याला शाबासकी द्यायची ती कार्डाच्या डाव्या कडेवरची बारीक पट्टी खाली सरकवल्याबद्दल. ते लॉक असतं. ते न लावता कार्ड संगणकात घातलं तर संगणक आपल्या काही फाइली गुपचूप त्यावर लिहून टाकतो आणि कार्ड आधीच डळमळीत असेल तर त्याच जागेवरचे फोटो जाण्याचा धोका असतो. दुसरा सापळा म्हणजे ‘हे कार्ड वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल’ ही सूचना. फॉरमॅट म्हणजे कार्ड पुसून कोरं करणं, म्हणून तिथं ‘कॅन्सल’च दाबायचं. भाच्यानं ते केलं, आधी अख्ख्या कार्डाची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, संगणकावर घेतली आणि फोटोरेक हे हरवलेले फोटो परत काढणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्या प्रतिमेवर चालवलं. मूळ कार्डाला पुन्हा हात लावला नाही.

फोटो दिसायला लागल्यावरही तुम्ही सगळे उघडून पाहिले नाहीत, हे भाच्यानं सांगितलं. घरच्या बायकामुलांचे फोटो असतील, आपल्याला पत्त्यापुरतंच बघायचंय, असं तुम्ही त्याला म्हणालात. ताई, हे वाचून घरातली मोठी माणसं गप्प झाली.

पत्ता लावलात तो मात्र पाहण्यासारखा. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूत मालकाचं नाव भरायची सोय असते, आमच्याकडून ती जागा रिकामी राहिली होती. (कॅमेरा असलेल्यांनी ती आज भरावी. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते नाव प्रत्येक फोटोच्या फाइलीत उमटतं.) साध्या कॅमेऱ्यात जीपीएस सहसा नसतं, त्यामुळे नकाशाही नाही. तुम्हाला मिळाली ती एका अंगणाबाहेर लावलेल्या दुचाकींची रांग. नऊ गाड्या, त्यातल्या सात एमएच-१०. म्हणजे सांगली जिल्हा. म्हणून तुम्ही मालवणच्या ग्रुपवर न टाकता सांगली, मिरज, तासगावच्या फेसबुक ग्रुपवर टाकलंत. वस्तू सापडली त्या गावच्या ग्रुपवर बहुतेक जण शोध घेतात, पण पर्यटक दोन दिवसांत परत गेलेला असतो. पोस्ट पोचायला हवी ती त्याच्या गावात.

पोस्टमध्ये एकच फोटो होता, निळं फाटक आणि त्यासमोरची रांगोळी. चेहरा नाही, गाडीचा नंबर नाही. कॅमेऱ्याची कंपनी, पट्ट्याचा रंग, कार्ड किती जीबीचं, शेवटचा फोटो कशाचा, हे सगळं तुम्ही हातचं राखलंत. हे राखलं नाही तर तेच वाचून कुणीही येऊन ‘माझाच आहे’ म्हणतो. तिघांनी तसा दावा केला आणि पहिल्याच प्रश्नाला अडले, असं कळलं. आम्हाला तुम्ही त्याच कॅमेऱ्यानं काढलेला एक जुना फोटो मागितलात, आणि तोही व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. कारण बरोबर होतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत सिरीयल नंबर फोटोच्या फाइलीतच लिहिला जातो, पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो आकसतो आणि ही माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. दोन्ही फाइलींतला नंबर जुळला आणि प्रश्न मिटला. बिल आणि खोकं हरवलेल्या माणसालाही आपली मालकी अशी दाखवता येते.

ज्यांची वस्तू हरवली आहे त्यांनीही सांभाळायला हवं. ‘तुमची वस्तू सापडली, कुरियरचे पैसे आधी पाठवा’ असे फोन येतात. आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी वस्तूशेजारी ठेवून फोटो मागावा. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे घोकून ठेवावं. फसवणूक झालीच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा.

तुम्ही मोबदला घेतला नाहीत, फक्त स्पीड पोस्टचा खर्च घेतलात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या १६८ व्या कलमानुसार वस्तू जपायला आणि मालक शोधायला पडलेल्या कष्टांची आणि खर्चाची भरपाई मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवायचा हक्क सापडणाऱ्याला असतो. तो हक्क तुमचा होता, आणि तुम्ही त्याचा शब्दही काढला नाहीत. ७१ व्या कलमात सापडणाऱ्याची जबाबदारीही सांगितली आहे, दुसऱ्याची ठेव सांभाळावी तशी वस्तू सांभाळायची. ती तर तुम्ही पुरेपूर पाळलीत.

तुमच्या भाच्याला एक गोष्ट सांगा, त्याला आवडेल. २०१५ मध्ये जपानच्या इशिगाकी बेटाजवळ एका विद्यार्थिनीचा कॅमेरा समुद्रात गेला. २०१८ च्या मार्चमध्ये तैवानच्या किनाऱ्यावर सफाई करणाऱ्या शाळकरी मुलांना तो सापडला, वरचं जलरोधक कवच शंखशिंपल्यांनी भरलेलं. शिक्षकांनी फोटो फेसबुकवर टाकले, जपानी भाषेतही लिहिलं, आणि मालकीण सापडली. त्यांच्या कॅमेऱ्याला कवच होतं, आमच्याला नव्हतं. तुमची वाटी होती.

कार्डावरचे सगळे फोटो निघाले, शेवटचे अकरा सोडून. त्यांचा अर्धाच भाग दिसतो, खाली करडा पट्टा आहे. दोन ठिकाणी प्रती करून ठेवल्या आहेत. कॅमेरा पाण्यात पडायच्या थोडं आधी काढलेला त्या घळीचा एक फोटो धड निघाला आहे. त्यात मागे कोयती घेऊन वाकलेल्या दोन बायका दिसतात. त्यातल्या एक तुम्हीच आहात का, ते ओळखू येत नाही. तो मोठा छापून जाड पुठ्ठ्यात घालून सोमवारी स्पीड पोस्टनं पाठवला आहे. तेरा अक्षरी ट्रॅकिंग नंबर भाच्याच्या व्हॉट्सॲपवर टाकला आहे. मिळाला की कळवा, आणि त्या कोण आहेत तेही सांगा.

तुमचे ऋणी,
सांगली जिल्ह्यातलं एक कुटुंब