त्या लंबूबद्दल लिहिण्याआधी

नागपूर, 15 जानेवारी

चि. सोनू यास,
अनेक आशीर्वाद.

तिळगूळ इथूनच घे. लाडू तिकडे कसे पाठवायचे यावर आईने दोन दिवस खल केला, शेवटी मीच संपवतोय.

तू पाठवलेले बास्केटबॉलचे तिन्ही सामने पाहिले. रोज जेवण झाल्यावर एक, थांबवून, मागे नेऊन. तुझ्यासारख्या नवख्या ग्रॅज्युएट असिस्टंटकडे तुमच्या कॉलेजच्या कोचने त्या सहा फूट अकरा इंची पोराबद्दल लेखी मत मागितलं, याचा मला आनंद झाला. तू लिहिलेलं वाचून मात्र तो टिकला नाही. ‘उंची सोडली तर काही नाही. स्कॉलरशिप दुसऱ्याला द्यावी.’ झालं! दोन ओळींत पोराचा निकाल.

रागावलो नाही. असा निकाल मीही एकदा लावलाय, तुला कधी सांगितलं नाही. 1997 साली जिल्ह्याच्या ज्युनियर संघाची निवड होती आणि आम्ही तिघं निवडायला बसलो होतो. खेड्यातून एक ताडमाड पोरगा आला होता, कॅनव्हासचे बूट, तेही एक नंबर लहान. पहिले तीन पास त्याच्या छातीवर आदळून बाहेर गेले. मी कागदावर लिहिलं, ‘हात नाहीत’, आणि नावावर काट मारली. दोन वर्षांनी तोच पोरगा मला व्हॉलीबॉलच्या नेटवर दिसला. समोरच्याचा स्मॅश असा बोटांनी दाबून खाली टाकत होता, की मी सामना संपेपर्यंत तिथून हललो नाही. हात होतेच. पास कधी आणि कुठून येणार, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं एवढंच.

आता तुझ्या लंबूकडे येतो. पहिल्या सामन्यात त्याने एक चांगला रिबाउंड घेतला, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडला, आणि बॉल कमरेपर्यंत खाली आणला. समोरच्या संघाच्या बुटक्या गार्डने तो आंबा तोडावा तसा काढून नेला. तू ते टिपलंस, बरोबर आहे. पण तू तिथेच व्हिडिओ थांबवलास का? पुढची चार सेकंदं पाहा. पोरगा मान खाली घालून उभा राहिला नाही. तीन ढांगांत मागे आला, पायात पाय न अडकवता कंबर वळवली, आणि हात वर ठेवून सरळ उडाला. त्या गार्डचा ले-अप, म्हणजे बास्केटजवळून टाकलेला शॉट, चुकला. स्कोअरशीटवर त्याच्या नावाने काहीच लागलं नाही. आणि तिसऱ्या सामन्यात, म्हणजे बारा दिवसांनी, तसाच रिबाउंड आला तेव्हा बॉल हनुवटीखाली आणि कोपरं बाहेर. त्या दिवशीही त्याने घोळ घातलेच, पण ते नवे होते. मी कच्च्या पोरात हेच बघतो: महिन्याभराने तीच चूक करतोय की दुसरी?

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, गाजवणाऱ्या ओलाजुवॉनची गोष्ट तुला पाठ असेल, पण आकडे पुन्हा काढून बघ. लागोसमध्ये हँडबॉल आणि फुटबॉल खेळणारा मुलगा, बास्केटबॉल हातात घेतला तो पंधराच्या आसपास. 1980 मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात आला, पहिलं वर्ष रेडशर्ट, म्हणजे सराव करायचा पण सामने खेळायचे नाहीत. दुसऱ्या वर्षी मैदानात उतरला तेव्हा सरासरी 8.3 पॉइंट. तुझ्या हिशोबाने तोही गेलाच असता! मग त्या शहरातल्या फोंडे जिममध्ये तो मोझेस मलोनसमोर खेळायला लागला. मलोन तेव्हा एनबीएतला सर्वोत्तम खेळाडू, रोज धक्के देणारा. 1984 ला कॉलेज संपलं तेव्हा ओलाजुवॉन सामन्याला 16.8 पॉइंट, 13.5 रिबाउंड आणि 5.6 ब्लॉक (समोरच्याचे अडवलेले शॉट) करत होता. ते नाचरे पाय मात्र त्याने फुटबॉलमधून आणले होते, ते कुणी ह्यूस्टनला शिकवलेले नाहीत.

झॅक एडी तर तुझ्या डोळ्यांसमोरचा. सात फूट चार इंच, टोरोंटोत आइस हॉकी आणि बेसबॉलमध्ये वाढलेला. पर्ड्यू विद्यापीठात पहिल्या वर्षी बेंचवरून यायचा, 8.7 पॉइंट. पण त्या वर्षीही त्याचे फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे शॉट, शंभरात सत्तरच्या वर जात होते. बोटांत मऊपणा आहे की नाही, हे फ्री थ्रोच्या रेषेवर कळतं, तिथे आडवं यायला कुणी नसतं. चौथ्या वर्षी, 2024 च्या कॉलेज स्पर्धेच्या फायनलमध्ये, हरताना 37 पॉइंट.

आता तुझ्या बाजूनेही बोलतो, नाहीतर म्हणशील बाबांना प्रत्येक उंच पोरगा आवडतो. थाबीट आठव. सात फूट तीन इंच, कनेक्टिकट विद्यापीठात तीन वर्षं, शेवटच्या वर्षी सामन्याला चारच्या वर ब्लॉक. 2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, दुसरा गेला, पुढे लीग गाजवणारा करी सातवा. एनबीएत त्याची सरासरी 2.2 पॉइंट. त्याच फेब्रुवारीत पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ब्लेअरने, सहा फूट सात इंचांच्या माणसाने, त्याला खांद्यावरून उलटा टाकला होता आणि त्याच सामन्यात 23 रिबाउंड घेतले होते. दिसत होतं सगळं. पण सात फूट तीन इंच म्हटलं की भल्याभल्यांना बाकीचं दिसत नाही. तुझं उलटं झालंय, तुला उंचीचाच राग आलाय.

तुझ्या पोराची खरी अडचण फाउलची आहे, आणि त्यावर तू एक शब्द लिहिला नाहीस. सरासरी नऊ मिनिटं आणि दोन फाउल, म्हणजे पूर्ण सामन्याच्या चाळीस मिनिटांना जवळपास नऊ. पाचव्या फाउललाच बाहेर. तीन सामन्यांतले सहाही फाउल मी वहीत मांडले. चार वेळा हात वरून खाली आला, ती सवय आहे, मोडता येते. दोन वेळा पिक अँड रोलवर (एकाने आडोसा द्यायचा आणि मग बास्केटकडे वळायचं, त्या चालीवर) एक पाऊल उशीर झाला. मला काळजी या दोनांची वाटते. खेळ आधी वाचता येणं काहींना जमतं, काहींना जमतच नाही, आणि त्याचं काय होणार ते तीन व्हिडिओंवरून मी तरी सांगू शकत नाही. मत लिहायला अजून दीड महिना मागून घे.

आणि रोज सकाळी तुम्ही त्याच्याकडून मायकन ड्रिल, बास्केटखाली दोन्ही हातांनी आळीपाळीने शॉट मारायचा सराव, करून घेता ना? ज्याच्या नावाने ते ड्रिल आहे, त्या मायकनला नोट्र डेम विद्यापीठाने धांदरट म्हणून परत पाठवलं होतं. 1942 मध्ये डीपॉल विद्यापीठाच्या कोच रे मेयरने त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, नाचाचे धडे दिले, पाय सुटावेत म्हणून. सहा फूट दहा इंच आणि जाड भिंगाचा चष्मा. लोक हसले असतील.

त्याचे फ्री थ्रो बाजूने नको, मागून शूट करून पाठव. बॉल आखूड किंवा लांब पडतो, की डावी-उजवीकडे जातो, ते बघायचंय. आखूड पडत असेल तर मला चिंता नाही, पायातला जोर वाढला की पोचेल.

तुझा,
बाबा

ता. क. तो लहानपणी काय खेळायचा, हे तुझ्या मेलमध्ये कुठेच नाही. विचारलंच नाहीस ना? विचार, आणि फोन कर. इथे रात्रीचे कितीही वाजले असले तरी चालेल.