करीमचा हुक

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार सात फूट दोन इंच होता म्हणून त्याचा स्कायहुक, म्हणजे एका हाताने डोक्यावरून टाकायचा शॉट, चालला, असं तुझं म्हणणं. अर्धंच खरं. तेवढ्या उंचीचे खेळाडू एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या त्या मोठ्या लीगमध्ये, नंतरही आले, पण त्याच्यासारखा हुक कुणी मनावर घेतला नाही. मला वाटतं कंटाळा. उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबला, म्हणजे डंक केला, की टाळ्या पडतात, हुक मात्र रोज घोटावा लागतो.

तो शॉट असा. रिंगकडे पाठ. डावं पाऊल टाकतानाच अंग वळव, म्हणजे डावा खांदा रिंगकडे येईल. उजवा गुडघा वर. चेंडू छातीपासून उजव्या कानाजवळून सरळ वर ने आणि हात पूर्ण ताठ झाल्यावरच मनगट मोड. आता डिफेंडर, म्हणजे तुला अडवणारा, आणि चेंडू यांच्यामध्ये तुझं अख्खं अंग आहे. तो कितीही उडाला तरी चेंडूपाशी पोचायला त्याला तुला ओलांडावं लागतं. उंची नंतर.

बिघडतं ते बहुधा हातात. हात बाजूने गोल फिरवलास तर चेंडू डावी-उजवीकडे भरकटतो आणि मदतीला आलेली दुसरी पोरगी तो अलगद काढून घेते. डावा हात कोपरात दुमडलेलाच ठेव. तो उघडून ढकललंस की फाउल तुझ्यावर. रिंग पाऊल टाकायच्या आधी बघ, हवेत शोधू नकोस.

सुरुवात मायकन ड्रिलने कर, शाळेत असताना करीमनेही तेच केलं. रिंगखाली उजवीकडून उजव्या हाताने बोर्डवर, चेंडू खाली पडू न देता झेल, लगेच डावीकडून डाव्या हाताने. चेंडू हनुवटीखाली आणायचा नाही. हे न अडखळता जमलं की एक मीटर मागे सरक.

1985च्या एनबीए फायनलमध्ये बोस्टनने करीमच्या लेकर्सविरुद्ध पहिला सामना 148-114 असा घेतला. करीमचे 12 गुण, 3 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू). वय 38. म्हातारा झाला, म्हणाले लोक. पुढच्याच सामन्यात 30 गुण, 17 रिबाउंड; लेकर्सने मालिका जिंकली आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. गुडघे थकले तरी चालतो असा हा शॉट. 1984 मध्ये विल्ट चेंबरलेन या जुन्या खेळाडूचा कारकिर्दीतल्या सर्वाधिक गुणांचा विक्रम त्याने मोडला तोही हुकनेच. निवृत्तीपर्यंत झालेले त्याचे 38,387 गुण लेब्रॉन जेम्सने 2023 मध्ये मागे टाकले. करीमच्या त्या गुणांत थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेला तीन गुणांचा शॉट, फक्त एक!

डाव्या हाताचा हुक आत्ताच सुरू कर. एकच बाजू येते हे कळलं की डिफेंडर त्या बाजूला आधीच येऊन बसते.

तुझा,
बाबा