एका सैल जंपरपायी: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. मी खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीवर निरीक्षणे घेणारा संशोधक विद्यार्थी आहे. दुर्बिणीजवळच्या एका विजेच्या खांबावरचा सैल जंपर (तारा जोडणारा तारेचा तुकडा) आणि तडकलेला इन्सुलेटर आठ दिवसांत बदलू, असे आश्वासन मला जानेवारीत लेखी मिळाले. एप्रिल संपत आला. काल पहाटे त्याच खांबाने माझे दीड तासाचे निरीक्षण मातीत घातले.

काय गेले ते ऐका. जे 1909-3744 हा मिलिसेकंद पल्सार, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गाभा, सेकंदाला 339 गिरक्या घेतो. दर गिरकीला त्याचा ठोका येतो आणि अनेक ठोक्यांची सरासरी काढून आम्ही त्यांची वेळ मायक्रोसेकंदाच्याही आत मोजतो. पण वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारितेच्या लहरी मागे पडतात. जो ठोका 500 मेगाहर्ट्झवर दिसतो, तोच 300 वर सुमारे 0.3 सेकंद उशिरा येतो. तेवढ्यात ताऱ्याच्या शंभर गिरक्या होतात. हा उशीर दर पंधरवड्याला किंचित बदलतो आणि तो नीट पकडायचा तर कमी वारंवारितेलाच ऐकावे लागते. आपल्या 45 मीटरच्या 30 तबकड्या त्यासाठीच कामाच्या. ठिणगी मारणाऱ्या तारेची खरखरही नेमकी तिथेच शिरते. संगणकाची गाळणी आहे, पण खरखरीबरोबर ती ठोकेही फेकते.

चुकलेला पंधरवडा परत येत नाही, साहेब. ही वेळ स्पर्धेतून मिळते, त्यासाठी मी सहा महिने आधी अर्ज केला होता. माझे पाचवे वर्ष चालू आहे. शिष्यवृत्ती सात महिने थकली, खोलीचे भाडे वडिलांनी तासगावच्या द्राक्षाच्या पैशांतून भरले. खांबासाठी मी पाच हेलपाटे घातले. पाचव्या वेळी खुर्चीतल्या माणसाने विचारले, "तारे बघायला लाइट कशाला लागते?" त्या रात्री मी जेवलो नाही.

29 जून 2023 ला युरोपीय आणि भारत-जपानच्या गटांनी 25 पल्सारांच्या नोंदींतून अतिशय कमी वारंवारितेच्या गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशाच्या सूक्ष्म हेलकाव्यांचा, पुरावा मांडला. त्यात खोडदच्या नोंदी होत्या. तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटला. 1982 साली पोर्तो रिकोत पहिला मिलिसेकंद पल्सार सापडला, त्या गटात कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, तेव्हा विद्यार्थीच. या दुर्बिणीचे जनक गोविंद स्वरूप यांनी नारायणगावजवळची ही जागा निवडली ती इथे रेडिओ गोंगाट कमी म्हणून. ती शांतता राखायची जबाबदारी कोणाची? एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, हेच मी चार महिने पाहतो आहे.

पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग दुर्बिणीमुळे अडला, म्हणून चहाच्या टपरीवर आम्हाला बोल ऐकावे लागतात. लोकांचा राग खोटा नाही, त्यांना रेल्वे हवीच आहे. पण दुर्बीण आणि रेल्वे दोन्ही नीट कशी चालतील, हे त्यांच्यासमोर बसून, आकडे मांडून कोणी सांगितले? दोन्ही बाजूंना भांडत ठेवून सगळी यंत्रणा मोकळी राहिली.

आणि हा प्रश्न फक्त आकाशाचा नाही. त्याच खांबाखाली एका काकांचा दीड एकर ऊस उभा आहे. रात्री ठिणग्या पडताना ते स्वतः बांधावर बसून राहतात. त्यांचाही अर्ज माझ्या अर्जाच्या आधीपासून त्याच टेबलावर पडून आहे. इन्सुलेटर बदलायला वायरमनला अर्धा दिवस पुरतो. या देशात कोट्यवधींची दुर्बीण उभी राहते आणि तिच्या शेजारचा बोल्ट आवळायला माणूस मिळत नाही, याची मला लाज वाटते.

निवेदने पुरे झाली. माझे पुढचे निरीक्षण पंधरा दिवसांनी, पहाटे साडेतीनला आहे. त्याच्या आत त्या खांबावर वायरमन चढू द्या. काका शिडी द्यायला तयार आहेत.

आपला,
एक संशोधक विद्यार्थी, नारायणगाव