विशाखापट्टणमची तिकिटं काढली आहेत, आता नाही म्हणू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगून काही उपयोग नाही. बाबा "बघू" म्हणणार आणि फोन आईकडे देणार, आई म्हणणार "त्यांना विचार" आणि मग गॅसवर दूध आहे म्हणून ठेवून देणार. म्हणून लिहितेय. दोघांनी चष्मे लावून एकत्र वाचा. सव्वीस जानेवारी झाली की दोन दिवसांनी तुम्ही विशाखापट्टणमला जाताय, एक आठवडा. तिकिटं काढून झालीत, हॉटेलचे पैसे भरलेत, आणि बाबा, कॅन्सल केलं तर किती परत मिळतात ते विचारू नका, काहीच मिळत नाहीत, मी मुद्दाम तसलंच बुकिंग केलंय.

तुम्ही दोघंच जाताय. मी नाही, अभी नाही, चिनू नाही, आणि ती टूरवाल्यांची चाळीस माणसांची बस तर अजिबातच नाही.

आता आई तुझा पहिला प्रश्न, चिनूला स्कूलबसमधून कोण उतरवणार. मी उतरवणार. तो आठवडा मी सुट्टी टाकलीये आणि नौपाड्यातच येऊन राहणारे, तुळशीला पाणी, दूधवाला, पेपरचं बिल, लिफ्टवाला आला तर चावी, सगळं मी बघते. मग तू म्हणशील सुट्टी टाकलीच आहेस तर आमच्याबरोबरच चल की, आम्हाला काय दोघांना तिथं भाषा येत नाही काही नाही. तर ऐक. आपण सगळे मिळून जातो तेव्हा काय होतं ते मी बघितलंय. महाबळेश्वरला चिनू झोपली म्हणून तू खोलीत, तू एकटी कशी बसशील म्हणून बाबा खोलीत, आणि आम्ही दोघं पॉइंट बघून आल्यावर तुम्हीच आम्हाला विचारताय काय काय बघितलं. असली ट्रिप नकोय मला तुमची. चिनूची परीक्षा आहे, ऑफिसात मार्च जवळ आलाय, ही कारणंही आहेत, खोटी नाहीत, पण खरं कारण हे वरचंच. आणि तुमचं माथेरानला जायचं जे राहिलं ते राहिलं, त्यात आजींचा दोष नव्हता आणि कुणाचाच नव्हता, मी फक्त म्हणतेय की आता तरी कुणाला ताटकळत न ठेवता, कुणाचं न करता, एक आठवडा नुसतं हिंडा.

बाबांच्या तब्येतीचं विचारूनच ठरवलंय. गेल्या चेकअपला तुम्ही बिल भरायला काउंटरवर गेलात ना बाबा, तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, विमानाचा प्रवास चालेल का, चढ चालेल का. ते म्हणाले तलावपाळीला रोज फेऱ्या मारतात ना, मग काय हरकत आहे, फक्त दमेपर्यंत चढायचं नाही आणि गोळी चुकवायची नाही. म्हणजे स्टेंट टाकला म्हणून आता फक्त पेपर वाचायचा असं काही नसतं. मला भीती वाटत नाही असं नाही, मागच्या वर्षीच्या त्या रात्री मी विसरलेले नाही. पण भीतीपोटी तुम्हाला सोफ्यावर बसवून ठेवणं मला जास्त वाईट वाटतं.

आता विशाखापट्टणमच का. केरळ सगळेच जातात, गोव्यात तुम्हाला करमणार नाही, आणि कोकण म्हणजे तुमच्यासाठी ट्रिप नाहीच, कुणाच्या तरी घरी जेवायला जाणं आहे. हे शहर डोंगरांच्या मध्ये समुद्राला लागून आहे, एकीकडे कैलासगिरी, दुसरीकडे डॉल्फिन्स नोज, तो डोंगर नाकासारखा समुद्रात घुसलाय आणि त्याच्याच आडोशाने ते बंदर सुरक्षित राहिलंय. आणि महत्त्वाचं म्हणजे पूर्वेचा किनारा. आपण आयुष्यभर समुद्रात सूर्य बुडतानाच बघितला, तिथं तो समुद्रातून वर येतो. हॉटेल बीच रोडवरच घेतलंय, खोली समुद्राकडची, त्यामुळे आई तू नेहमीसारखी पाचला उठलीस की खिडकीशी बस, बाबांना उठवायचं की नाही ते तुझं तू ठरव. खोलीत किटली आहे, पण चहा पावडर, आलं आणि साखर घरून ने, त्या पुड्यांचा चहा तुला पाणचट लागेल आणि मग दिवसभर तेच ऐकावं लागेल बिचाऱ्या बाबांना. बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का ते मी फोन करून विचारलं, आहे. गिझर आहे, लिफ्ट आहे, कमोड आहे, उशी पातळ मागितलीये.

आई, तुझ्यासाठी सिंहाचलम. आपला नीरा-नरसिंहपूरचा नरसिंह, तिथं वराह आणि नरसिंह एकाच मूर्तीत आहेत, शहरापासून थोडं बाहेर डोंगरावर. फक्त आधीच सांगून ठेवते म्हणजे तिथं जाऊन खट्टू व्हायला नको, मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपात झाकलेली असते, पिंडीसारखीच दिसते, खरं रूप फक्त अक्षय्य तृतीयेला उघडतात आणि त्या दिवशी तिथं मुंगीलाही जागा नसते, शिवाय ऊन. त्यामुळे चंदनातलंच दर्शन घे, वास काय सुंदर येत असेल विचार कर. १५१६ मध्ये कृष्णदेवराय येऊन गेला त्याचा शिलालेख आहे तिथं, तो बाबांना दाखव म्हणजे ते रांगेत कुरकुर करणार नाहीत. कप्पस्तंभ म्हणून एक खांब आहे, लोक त्याला मिठी मारून मागणं मागतात. तू काय मागणार ते मला माहितीये, अभीच्या लग्नाचं, माग बाई. पण पायथ्यापासून पायऱ्यांचा रस्ता आहे तिकडे बघायचंसुद्धा नाही, "नवस आहे" वगैरे काही काढायचं नाही, गुडघ्यांनी कुठलाही नवस बोललेला नाही. टॅक्सी घाटाने वरपर्यंत जाते.

बाबा, तुमच्यासाठी तर किती आहे तिथं. बीच रोडवर कुरसुरा पाणबुडी वाळूत आणून ठेवलीये, १९६९ ला नौदलात आली, २००१ ला निवृत्त झाली, आणि आता माणसं तिच्या पोटातून चालत जातात. आत टॉर्पेडोच्या शेजारीच झोपायचे बाक आहेत, आणि एका भागातून दुसऱ्या भागात जायला गोल दारं, एक पाय आधी पलीकडे टाकायचा, मग डोकं वाकवून दुसरा. आई आत आली नाही तरी चालेल, बाहेर बसू दे तिला, तुम्ही सावकाश जा, दम लागला तर मागे लोक आहेत म्हणून घाई करू नका. सोमवारी बंद असते. समोरच नौदलाचं टीयू-१४२ विमान उभं आहे, अख्खं, तेही आतून बघता येतं. आणि एकाहत्तरच्या विजयाचं स्मारकही त्याच रस्त्याला आहे. पाकिस्तानची गाझी पाणबुडी तिथल्याच समुद्रात बुडाली, ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री, हे मी तुम्हाला काय सांगणार, दर डिसेंबरला जेवताना तुम्हीच सांगता. पण आपल्या राजपूत युद्धनौकेने बुडवली की आतच स्फोट झाला हा तुमचा आणि काकांचा वाद तिथल्या गाइडशी घालू नका, त्याला अजून दहा माणसं फिरवायची असतात.

अजून एक, हे खास सोलापूरकरांसाठी. तिथलं जहाज बांधायचं मोठं यार्ड आहे ना, हिंदुस्थान शिपयार्ड, ते मुळात आपल्या वालचंद हिराचंदांच्या सिंधिया या जहाज कंपनीचं. १९४१ मध्ये राजेंद्र प्रसादांनी पायाभरणी केली, १९४८ ला जलउषा जहाज नेहरूंनी पाण्यात सोडलं. अजून त्या भागाला लोक सिंधियाच म्हणतात. आत सोडत नाहीत, पण तिकडून यारडा बीचला रस्ता जातो, त्या रस्त्याने जा, बाहेरून बघा आणि आत्याला फोन करून सांगा. तुम्ही मला गड्ड्याच्या यात्रेत खांद्यावर बसवून फिरवायचात आणि वरून विचारलं की हे काय ते काय, सगळ्याचं उत्तर द्यायचात, माहिती नसलं तरी द्यायचात. आता मला वाटतं कुणीतरी तुम्हाला दाखवावं आणि तुम्ही नुसतं बघावं.

एक दिवस अरकूचा, ते डोंगरातलं खोरं. सकाळची किरंदूलची गाडी आहे, काचेचा डबा लावलेला, त्याचंच तिकीट काढलंय. त्या लाइनवर अठ्ठावन्न बोगदे आहेत बाबा, लागतील तेवढे मोजत बसा. ती लाइन मूळची छत्तीसगडातल्या बैलाडिल्याच्या खाणींतलं लोखंड बंदरावर आणून जपानला पाठवायला बांधली. अरकूला थंडी असते, कानटोपी न्यायची, हसू दे कुणी हसलं तर. कॉफीची झाडं मोठ्या झाडांच्या सावलीत लावलेली आणि त्या मोठ्या झाडांवर मिरीचे वेल, आई तुला बघायला आवडेल, पण मिरी किलोकिलोने घेऊ नकोस. बोर्रा गुहा मात्र मी यादीतून काढलीये. खूप नाव ऐकाल, ड्रायव्हरही आग्रह करेल, पण आत उतरायला ढीगभर पायऱ्या आहेत आणि उतरलेलं परत चढावं लागतं. फोटो बघा. कैलासगिरीला रोपवे आहे त्याने जा, वर शंकर-पार्वतीच्या पांढऱ्याशुभ्र मोठ्या मूर्ती आहेत आणि वरून अख्खी किनारपट्टी दिसते. थोटलाकोंडा म्हणून बौद्ध विहाराचे अवशेष आहेत डोंगरावर, गाडी जवळ जात असेल आणि ऊन नसेल तरच.

खाण्याचं. तिखट आहे, खोटं कशाला सांगू. पण सोलापूरच्या माणसाला आंध्रचं तिखट म्हणजे काय मोठंसं. सकाळी पेसरट्टू मागवा, मुगाचा डोसा, आत उपमा भरून देतात, पोटाला हलका. अंबाडीची चटणी मिळते, ती खा पण बाबा थोडीच, त्यात मीठ आणि तेल दोन्ही सढळ. लोणच्याच्या बरण्या आणायला परवानगी नाही, बीपीच्या मशीनला काय उत्तर देणार. माडुगुलाचा हलवा एक पाव किलो आणा, चिनूसाठी असं म्हणा, खाल तुम्हीच.

आता सूचना, आणि चिडू नका. गोळ्यांचा डबा मी भरून देणार, वारानुसार, सकाळ-रात्र. रक्त पातळ करायची गोळी आणि जिभेखालची गोळी खिशात, बॅगेत नाही, शर्टाच्या वरच्या खिशात. बीचवर पाय भिजवायचे, घोट्याच्या वर पाणी नको, तिथला समुद्र ओढतो, आपल्या जुहूसारखा नाही तो. फोन चार्ज. लोकेशन चालू. रोज रात्री जेवल्यावर एक फोन, लांबलचक नको, जेवलो, बरे आहोत, एवढं पुरे. मी काही दर तासाला विचारणार नाहीये. म्हणजे प्रयत्न करेन. ऑक्टोबरातच स्वस्तात होतं सगळं, पण तुम्ही मला लगेच २०१४ चं हुदहुद वादळ काढून दाखवलं असतंत, म्हणून जानेवारी घेतला. एअरपोर्टवर आईसाठी व्हीलचेअर सांगितलीये. आई, तू म्हातारी झालीस म्हणून नाही गं, ते चालणंच मैलभर असतं आणि व्हीलचेअरवाल्यांना रांगेत पुढे घेतात, हा निव्वळ हिशोबीपणा समज. पैशांचं विचारू नका. अभीने अर्धे दिलेत, त्याला मी मागितले नव्हते, त्यानेच दिले, तो बोलत नाही पण त्याच्या मनात असतं.

जाताना विमान, येताना मात्र बाबांच्या हट्टासाठी ट्रेन, सेकंड एसी, दोन्ही खालचे बर्थ. ती सोलापूरवरून येते. आत्या स्टेशनवर डबा घेऊन येणारे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, तिच्याशी बोलून झालंय, म्हणजे आता तुम्ही नाही म्हणालात तर तिलाही तुम्हीच सांगा. गाडी थांबेल तेवढ्यात खाली उतरून गप्पा मारत बसू नका फक्त, दारातूनच घ्या. कुर्ल्याला उतराल तेव्हा कितीही अपरात्र असली तरी मी गाडी घेऊन येईन, रिक्षा बघायची नाही.

नवीन बॅग आणलीये, चाकांची, हलकी. बाबा, ती चेन तुटलेली रेक्झिनची न्यायची नाही. आई, दोन नव्या साड्या गोदरेजमध्ये पडून आहेत त्या ने आणि स्पोर्ट्स शूज घाल साडीवर, मस्त दिसतं. दोघांच्या आधार कार्डचे फोटो आज रात्री मला पाठवा, सरळ धरून काढलेले, मागच्या वेळेसारखा अंगठा मध्ये आलेला नको.

तुमची,
मनू