योनाची तब्येत आणि बाकीचं

प्रिय रूथ,

काल फोनवर तू एकदम गप्प झालीस, म्हणून लिहितोय. आपल्या कुत्रोबांची, योनाची, मूत्रपिंडं थकली आहेत. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंडं रक्त नीट गाळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, हे बरं होणारं दुखणं नाही, पण सांभाळता येतं. पाणी खूप पितो, त्यामुळे रात्री उठून त्याला बाहेर न्यावं लागतं. फॉस्फरस कमी असलेलं खाणं आणलंय, त्याच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. एक दिवसाआड कातडीखाली सलाईन द्यायचं असतं. सुई मीच टोचतो. तुझ्या आईचा यावर विश्वास बसला नसता.

बाकी दिनक्रम तोच. पहाटे मी शास्त्र वाचायला बसलो की माझ्या पावलांवर हनुवटी टेकतो. 'आमेन' ऐकलं की उठतो, कारण त्यानंतर फिरायला जायचं असतं. प्रार्थना लांबली तर मोठा उसासा टाकतो. पाळकसाहेब घरी आले होते तेव्हाही टाकला. ते हसले, पण प्रार्थना आवरती घेतली. रविवार त्याला बुटांच्या पॉलिशवरून कळतो. एरवी मी चपला घातल्या की दाराशी उभा. पॉलिशची डबी उघडली की मात्र आपणहून चटईवर जातो आणि माझ्याकडे पाठ करून बसतो. परत आल्यावर बाहीपासून खिशापर्यंत सगळं हुंगतो, कोणाकोणाला भेटून आलो याची हजेरी घेतल्यासारखा.

मागच्या रविवारी त्याला सोडून जाववेना. उपासना संपते न संपते तोच फोनावर फोन. गायनवृंदातल्या थोरल्या बाई तर थेट दारात. "तुमची जागा रिकामी दिसली," म्हणाल्या. तेव्हापासून एकच डोक्यात घोळतंय. तू तिकडे एखाद्या दिवशी अंथरुणातून उठलीच नाहीस, तर कोणाला कळेल? हे लिहायचं नव्हतं.

त्याचं नाव तूच ठेवलंस. हाक मारली की नेमका उलट पळायचा. देवाने निनवे शहराला जा म्हटलं तर योना संदेष्टा तार्शिशला पळाला, अगदी तसाच! कुत्र्याला संदेष्ट्याचं नाव दिलं म्हणून आजी भडकली. तू तेव्हा नऊ वर्षांची. आतून पवित्र शास्त्र आणलंस आणि योनाच्या पुस्तकाचा शेवट तिला वाचून दाखवलास. निनवेत १,२०,००० हून जास्त माणसं, आणि शिवाय पुष्कळ जनावरं. "बघ, देव जनावरांनाही धरतो," म्हणालीस. आजी निरुत्तर! तुझ्या पदवीदानाच्या दिवशी सगळे माझं अभिनंदन करत होते, आणि मला हेच आठवत होतं. तुला बोललो नाही.

चर्चला जा असं म्हणत नाही. बरं, म्हणतोय. पवित्र शास्त्रात, निर्गमाच्या विसाव्या अध्यायात, विसाव्याच्या दिवशी गुराढोरांनाही काम सांगायचं नाही असं आहे, आणि तू रविवारी लॅपटॉप उघडून बसतेस. जेवण कधी, झोप कधी, कशाला धरबंध नाही. चर्च नसेल तर दुसरं काहीतरी शोध, जिथे तू दिसली नाहीस तर कोणी विचारेल. झालं माझं प्रवचन सुरू. माफ कर. तू स्वतःच्या पायावर उभी आहेस, हे मी सगळ्या मंडळीला सांगत फिरतो. रात्री योनाला घेऊन अंगणात उभा राहतो तेव्हा मात्र दुसरेच विचार येतात.

नाताळात येशील तेव्हा केक टेबलाच्या कडेला ठेवू नकोस. मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक असतात, आणि योनाला तर एकही नको. तुझ्या आयबुप्रोफेनच्या गोळ्याही पर्समध्येच राहू देत, पर्स कपाटात. रजा मिळेल ना? नाही मिळाली तरी चालेल, तो काही आजच जात नाही.

पुढच्या आठवड्यात रक्त पुन्हा तपासायचंय, आकडा कळवतो. तुझ्या समोरच्या दारात कोणी बाई राहतात म्हणाली होतीस. त्यांचं नाव काय? जमलं तर फोन नंबरही पाठव.

तुझे,
पप्पा