चिंतामणराव ‘मते खाणारे’ उमेदवार नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवारच्या पुरवणीत राष्ट्रपतिपदाच्या पराभूत उमेदवारांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने वाचला, कारण हरलेल्या माणसांची आठवण आपल्याकडे सहसा कोणी काढत नाही. दुसऱ्यांदा वाचला तो एका वाक्यामुळे आणि ते वाक्य डोक्यातून जात नाही म्हणून आज सकाळी हे पत्र लिहायला बसलो आहे. १९६९च्या निवडणुकीत ‘तिसऱ्या क्रमांकावरील सी. डी. देशमुख यांनी मते खाल्ल्यामुळे संजीव रेड्डी पडले’ असे आपल्या लेखकाने लिहिले आहे. सी. डी. म्हणजे माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. संपूर्ण लेखात त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्ये आली आणि त्यांतले हे तर सपशेल चुकीचे आहे.

राष्ट्रपतिपदाची निवडणूक पसंतीक्रमाने होते आणि ‘मते खाणे’ हा ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सर्रास चालणारा शब्दप्रयोग तिथे मुळातच लागू पडत नाही. मतदार पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती लिहितो आणि त्याचा पहिला उमेदवार बाद झाला तर ते मत पुढच्या पसंतीकडे जाते. त्या वर्षी अपक्ष उभे राहिलेले वराहगिरी व्यंकट गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. उरलेल्या डझनभर उमेदवारांची सगळी मिळून ८,५०५ होती. एकूण वैध मते ८,३६,३३७ असल्यामुळे निवडून येण्यासाठी ४,१८,१६९ मते लागणार होती आणि ती पहिल्या फेरीत कोणालाच मिळाली नव्हती. देशमुख आणि इतर बाद झाल्यावर त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंत्या मोजल्या गेल्या, तेव्हा रेड्डी ४,०५,४२७ वर पोहोचले आणि गिरी ४,२०,०७७ वर. याचाच अर्थ, पुढच्या पसंत्यांच्या या मोजणीत रेड्डी यांच्या पदरात ९१,८७९ मते पडली आणि गिरींच्या पदरात केवळ १८,५६२. चिंतामणरावांना पहिली पसंती देणाऱ्या बहुतेकांनी दुसरी पसंती रेड्डींनाच दिली होती. ते अपेक्षितही होते, कारण काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी देशमुखांना पाठिंबा देणाऱ्या जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांच्याकडे हीच दुसरी पसंती मागितली होती आणि त्यावरूनच काँग्रेसमधल्या, गिरींच्या बाजूच्या इंदिरा गांधींच्या गटाने ‘अंतरात्म्याच्या आवाजा’ने मतदान करण्याची हाक दिली होती. रेड्डी पडले ते त्यांच्या स्वतःच्या पक्षातली मते गिरींकडे गेल्यामुळे.

माझ्याकडे ही आकडेमोड तयार आहे याचे कारण ती मी केलेली नाही, माझ्या वडिलांनी केलेली आहे. ते फोर्टमधल्या एका बँकेत कारकून होते. बेरीज वरून खाली केली की खालून वरही करून पाहायची, ही त्यांची सवय आम्हा भावंडांना अभ्यासातही पाळावी लागे. १६ ऑगस्ट १९६९ रोजी मतदान झाले आणि २० तारखेला निकाल लागला. मी तेव्हा नववीत होतो. गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, दोरीवर न वाळलेल्या कपड्यांच्या खाली, वडील पाठकोरा कागद मांडीवर घेऊन वर्तमानपत्रातले आकडे जमा-नावे केल्यासारखे दोन रकान्यांत उतरवत होते. समोर शेजारचे काका उभे होते. ते गिरणीतल्या युनियनचे काम करत. गिरी हे रेल्वे कामगारांचे जुने पुढारी, म्हणून त्यांच्या घरी त्या दिवशी पेढे आले होते आणि ते आनंदाने आम्हालाही द्यायला आले होते. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेले की, ‘तुमच्या देशमुखांनी रेड्डीची मतं खाल्ली, बरं झालं.’

वडिलांनी पेढा हातातच ठेवला आणि कागद पुढे केला. ज्यांच्या मतपत्रिकांवर पुढची पसंतीच नव्हती अशी १०,८३३ मते शेवटी वाया गेली होती. ती सगळीच्या सगळी रेड्डींच्या रकान्यात टाकून त्यांनी बेरीज करून दाखवली. ती ४,१६,२६० भरली. गिरींपेक्षा तरीही कमी. काका बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘पण उभे कोणाच्या पाठिंब्यावर राहिले ते बघा ना. भांडवलवाल्यांच्या.’ त्यावर वडिलांचा आवाज चढला. चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता आणि वडील स्वतः त्या निर्णयाच्या बाजूचे होते, हे मला मुद्दाम सांगायला हवे. ते म्हणाले, ‘स्टेट बँक ५५ साली सरकारकडे आली तेव्हा अर्थमंत्री कोण होता? आयुर्विमा ५६ साली सरकारने घेतला तेव्हा कोण होता? रिझर्व्ह बँक ४९ साली सरकारची झाली तेव्हा गव्हर्नर कोण होता?’ तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच होते. त्यानंतर दोघेही दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. दिवाळीत काकाच फराळाचे ताट घेऊन आले.

वडिलांच्या लोखंडी ट्रंकेत टीपकागदात गुंडाळलेली दहा रुपयांची एक नोट असे. ती आज माझ्याकडे आहे. घड्यांवर ती विरत चालली आहे. तिच्यावर सहाव्या जॉर्जचे चित्र आहे आणि खाली गव्हर्नर म्हणून इंग्रजीत चिंतामणरावांची सही आहे. महिनाअखेरीला आईने ती खर्चाला मागितली तरी त्यांनी दिली नाही. ‘राजा कोणाचा ते बघू नका, सही कोणाची ते बघा,’ असे ते आम्हाला सांगत. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेला मुलगा १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली, पुढे आयसीएस या ब्रिटिश काळातल्या सनदी सेवेच्या परीक्षेतही पहिला आला आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला याचे काय वाटत असेल, हे मला वेगळे सांगायला नको. पण ती नोट ट्रंकेत गेली ती १९५६ मध्ये, चिंतामणरावांनी मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडले तेव्हा. या शहरातल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली पाहिजे, असे केंद्रीय मंत्रिमंडळात राहून बजावणारा आणि ऐकले जात नाही म्हणून लोकसभेत निवेदन करून बाहेर पडणारा हा माणूस होता. मुंबईतून निघणाऱ्या मराठी वर्तमानपत्राला त्याच्याबद्दल ‘मते खाल्ली’ याव्यतिरिक्त काही आठवू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

लेखातली आणखी एक चूक दुरुस्त व्हायला हवी. ‘देशमुखांना सुमारे एक लाख तेरा हजार मतदारांनी मते दिली’ असे त्यात म्हटले आहे. हे मतमूल्य आहे, माणसांची संख्या नव्हे. या निवडणुकीत खासदार आणि राज्यांचे आमदारच मत देतात आणि त्या वर्षी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. माझ्या वडिलांना किंवा शेजारच्या काकांना त्यात मत नव्हते, तरी त्यांनी निकाल एवढा मनावर घेतला.

बाकीच्या उमेदवारांना दिलेल्या जागेबद्दलही थोडे लिहितो. टी. एन. शेषन यांना लेखात तीन परिच्छेद आणि छायाचित्र मिळाले. १९९७ मध्ये शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला होता, म्हणून मुंबईच्या वाचकाला त्यात रस असणे स्वाभाविक आहे आणि मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून त्यांनी केलेले काम मोठेच आहे. परंतु न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना अर्धे वाक्य पुरते काय? आणीबाणीत माणसाचा जगण्याचा हक्कसुद्धा सरकार स्थगित करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाचे चार न्यायमूर्ती म्हणत असताना हा एकटा माणूस ‘नाही’ म्हणाला. त्यासाठी त्यांनी सरन्यायाधीशपद गमावले आणि १९८२ मध्ये विरोधकांचे उमेदवार म्हणून झैलसिंग यांच्यासमोर उभे राहिले तेव्हा त्यांना २,८२,६८५ मते मिळाली. कोका सुब्बा राव यांनी तर १९६७ मध्ये सरन्यायाधीशपदाचा राजीनामा देऊन निवडणूक लढवली आणि झाकिर हुसेन यांच्याविरुद्ध ३,६३,९७१ मते घेतली. त्यांचे नावच लेखात नाही. के. टी. शाह हे तर मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे आपल्याच शहरातले प्राध्यापक. पहिल्याच, म्हणजे १९५२च्या निवडणुकीत ते राजेंद्र प्रसादांसमोर उभे होते. घटना समितीत ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘समाजवादी’ हे शब्द घटनेच्या पहिल्याच कलमात घालावेत, अशी दुरुस्ती त्यांनी १९४८ मध्ये मांडली होती आणि ती फेटाळली गेली होती. त्यांचाही उल्लेख नाही.

आता एक विनंती आणि एक जुनी तक्रार. चिंतामणरावांबद्दलची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी; आतल्या पानावर तळाशी दोन ओळींत नव्हे. जमल्यास त्यांचे पूर्ण नाव लिहावे. मेघदूताचा मराठीत समश्लोकी अनुवाद करणाऱ्या माणसाला मराठी वर्तमानपत्राने ‘सी. डी.’ म्हणणे बरे दिसत नाही. तक्रार अशी की, दोन वर्षांपूर्वी माझे एक पत्र आपण छापलेत तेव्हा त्यातले आकडे गाळले होते आणि माझा राग तेवढा शिल्लक ठेवला होता. वाचकांच्या पत्रांची जागा पूर्वीच्या निम्म्यावर आली आहे, हे मला दिसते आणि हे पत्र लांबले आहे, हेही मला कळते. कापायचेच असेल तर चाळीचा आणि नोटेचा मजकूर कापावा, पण दुसऱ्या परिच्छेदातले आकडे जसेच्या तसे राहू द्यावेत. ते मी काल रात्री वरून खाली आणि खालून वर, दोन्ही बाजूंनी तपासले आहेत.

आपला,
गिरगावातील एक जुना वाचक